बोलेल त्याच्या गळ्यात

आमच्या व्हॉलीबॉल क्लबात कपडे बदलायची खोली आहे आणि त्या खोलीत गांधीलमाश्यांचं पोळं आहे. चांगलं टोपलीएवढं. ते तिथे आहे हे क्लबातल्या प्रत्येकाला माहीत आहे आणि ते आजवर कुणीही पाहिलेलं नाही. आम्ही कपडे बाहेर, सायकली लावतो तिथे बदलतो. एखादा नवा सभासद विचारतो, की अहो आत खोली असताना उघड्यावर का? तेव्हा अध्यक्ष म्हणतात, "मोकळ्या हवेत बरं वाटतं." बोलता बोलता एखादी माशी त्यांच्या कानाच्या पाळीवर येऊन बसते, तरी ते हसतच राहतात.

हे ऐकून कुणी आम्हाला वेड्यात काढेल. काढू दे. आम्ही वेडे नाही, स्वयंसेवक आहोत, आणि आमच्याकडे एक नियम आहे.

नियमाची गोष्ट अशी. क्लब गल्लीतल्या लोकांनीच काढलेला, पगारी माणूस एकही नाही. सुरुवातीला सभा व्हायच्या त्या नुसत्या रडगाण्याच्या. नेट सैल आहे, नळ गळतो, दिवा मिणमिणतो, बाकाचा खिळा वर आलाय. तासभर तक्रारी करून माणसं समाधानाने घरी जायची आणि खिळा तिथेच राहायचा. अध्यक्षांचं खुर्च्यांचं दुकान आहे, त्यामुळे बसून बोलणाऱ्यांचा त्यांना दांडगा अनुभव. एका सभेत ते उठले आणि म्हणाले, "यापुढे बोलेल त्याने करायचं. ज्याला खोट दिसली आणि ज्याने ती तोंडाने सांगितली, त्यानेच ती दुरुस्त करायची. आणि पुढच्या वार्षिक सभेपर्यंत सांभाळायचीही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्याच टाळ्या पुढे आमच्या बोकांडी बसल्या.

पहिल्या वर्षी मात्र क्लब असा काही सुधारला की बघत राहावं. भिंतींना रंग लागला, खिळे आत गेले, नळाला नवी तोटी आली. दुसऱ्या वर्षी लोक शहाणे झाले. दिवा मिणमिणतो म्हटलं की शिडी आपल्या खांद्यावर येते, हे एकदा कळल्यावर माणसाला दिवा लख्ख दिसायला लागतो. तिसऱ्या वर्षापासून आमच्या क्लबात एकही खोट उरली नाही. सभा पाच मिनिटांत संपायला लागल्या. सगळे एकमेकांकडे बघून प्रसन्न हसायचे आणि छतातून टपकणारं पाणी चुकवत घरी जायचे.

कुणी चुकून बोललाच, तर चूक पदरात घालायची आमची पद्धत ठरलेली आहे. आधी सगळे टाळ्या वाजवतात, मग अध्यक्ष ती वस्तू त्या माणसाच्या हातात ठेवतात. टाळ्या वाजत असताना नाही म्हणणं कुणालाच जमत नाही, मग तो सभासद असो वा नसो. विजेचं मीटर बघायला आलेला माणूस सहज म्हणाला, "इथली वायर उघडी पडलीय हो." तो आज आमचा दिवाबत्ती प्रमुख आहे. शेजारच्या वस्तीच्या संघाचा कप्तान, धंद्याने प्लंबर, मागच्या वर्षी आमच्याशी मॅच खेळायला आला आणि सर्व्हिस करण्याआधी म्हणाला, "तुमचं नेट फाटलंय." बिचारा दर रविवारी दोन बस बदलून येतो आणि नेट शिवतो. आल्यावर कुणाशी बोलत नाही. बोलायची भीती बसली आहे त्याला.

माझं म्हणाल, तर माझ्याकडे क्लबाचं एकही काम नाही, आणि याचा मला मनापासून अभिमान होता. माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांना "आता दिसतं का, आता नीट दिसतं का" असं विचारायचं आणि संध्याकाळी क्लबात येऊन स्वतःच्या डोळ्यांवर कातडं ओढायचं, हा माझा नेम. एकदा अध्यक्षांनी सभेत माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, की असे सभासद असतील तर क्लबाला मरण नाही.

बायकोचं मात्र नेमकं उलटं. ती छापखान्यात मुद्रितं तपासते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधून त्यांवर लाल खूण करण्याचं काम केल्यावर माणसाच्या पोटात काही राहत नाही. क्लबात तिला सगळे वहिनी म्हणतात, तिच्यापेक्षा वयाने मोठे अध्यक्षसुद्धा. ती क्लबात आली खेळायला. लग्नाआधी तिचा स्मॅश नावाजलेला होता, असं तिचे भाऊ सांगतात. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "दाराला कुलूप का नाही?" चावी तिच्याकडे आली. मग म्हणाली, चेंडूत हवा कमी आहे. पंप तिच्याकडे आला. पाण्याची टाकी वाहते म्हणाली, टाकी आली. प्रथमोपचाराच्या पेटीत नुसती कात्रीच आहे म्हणाली, पेटी आली. शेवटी वैतागून म्हणाली, "तुमच्यात भांडणं फार होतात." तेव्हापासून भांडणं मिटवायचं कामही तिच्याकडेच. मॅचच्या दिवशी सगळे खेळायचे आणि ती पंप, पेटी आणि दोन भांडणं घेऊन कडेला उभी असायची. वर्षानुवर्षं तिने चेंडूला हात लावला तो हवा भरायला.

या वर्षी तिचा गुडघा सुजला. डॉक्टरांनी फोटो बघितला, मग गुडघा बघितला, मग पुन्हा फोटो बघितला. म्हणाले, "या हंगामानंतर उड्या बंद. आतलं झिजून गेलंय सगळं. आता जेवढ्या मारायच्या त्या मारून घ्या."

घरी आल्यावर ती चपला न काढता तशीच खुर्चीवर बसली.

"मला एक मॅच खेळायचीय," ती म्हणाली. "पूर्ण. पहिल्या सर्व्हिसपासून शेवटच्या पॉइंटपर्यंत. शेजारच्या वस्तीशी असते ती."

"मग खेळ की."

"अहो, काम गळ्यात असलेला माणूस आपल्या क्लबात मॅच खेळलाय का कधी?"

हे खरं होतं. मी आठवून पाहिलं आणि गप्प बसलो, त्यात माझा हातखंडा आहे.

तिनेच वाट काढली. वार्षिक सभा मॅचच्या आधी असते. सभेत सगळ्यांची कामं संपतात, वस्तू टेबलावर परत येतात, आणि पुन्हा कुणी बोललं तरच त्या कुणाच्या तरी हातात जातात. म्हणजे सभेपासून मॅचपर्यंत तिने फक्त तोंड बंद ठेवायचं होतं.

"तू? गप्प?" मला हसू आलं.

ती हसली नाही. आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून माझंही हसू आटलं, कारण तिला खरंच खेळायचं होतं.

सभेला ती तोंडात पेपरमिंटची गोळी घेऊन बसली. टेबलावर चावी, पंप, पेटी सगळं मांडलेलं. अध्यक्षांना धोका कळला असावा. क्लब चालतो तो कुणाच्या जिवावर हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, फक्त तेही त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी तिला मुद्दाम तीन पायांची खुर्ची दिली. खुर्च्यांचा व्यापारी तो, त्याच्याकडून चुकून असं होत नाही. बायको चौथ्या पायाच्या जागी स्वतःची टाच रोवून सभा संपेपर्यंत बसली. गोळी विरघळली की दुसरी.

"चावी अशी टेबलावर राहिली तर हरवेल, असं कुणाला वाटतं का?" अध्यक्षांनी विचारलं. ते स्वतः अशी वाक्यं नेहमी प्रश्नाच्या रूपातच बोलतात, म्हणजे पकडले जात नाहीत.

कुणालाच वाटत नव्हतं.

"वहिनी, तुम्हाला?"

बायकोने मान हलवली आणि गोळी दुसऱ्या गालात सारली. सभा संपली. चावी टेबलावरच राहिली आणि दार उघडंच राहिलं.

उघड्या दारातून दुसऱ्या दिवशी एक शेळी आत आली. कुणाची ते आजही ठाऊक नाही. पहिल्या दिवशी ती मैदानाच्या मधोमध उभी होती आणि आम्ही तिच्या दोन्ही बाजूंनी खेळलो. दुसऱ्या दिवशी कुणीतरी तिला गुपचूप उजवीकडच्या खांबाला बांधलं. अध्यक्ष एकूण उपस्थितीवर नजर टाकून म्हणाले, "आज बरेच जण आलेत." टाकी वाहून वाहून मागच्या बाजूला चिखल झाला, तेव्हा सभासद गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून यायला लागले आणि एकमेकांच्या बुटांचं कौतुक करायला लागले. चेंडू इतका मऊ झाला की टोलवला की तो हातालाच चिकटून बसायचा. "आज हाताला अजिबात लागत नाहीये," असं म्हणून सगळे समाधान मानत होते.

पण सगळ्यांचा डोळा वहिनींवर होता. आज बोलतील, उद्या बोलतील. ती बोलेना तेव्हा क्लबाचा धीर सुटला आणि लोक तिला एकेक खोट दाखवत फिरायला लागले. एक जण बोट कापून घेऊन तिच्यासमोर येरझाऱ्या घालू लागला. दोघांनी तिच्या पुढ्यात उभं राहून भांडण काढलं, मग भांडणाला विषयच नसल्याचं लक्षात आल्यावर दोघेही तिच्याकडे आशेने बघत उभे राहिले. अध्यक्षांनी तर सदऱ्याची सगळी बटणं एक-एक घर चुकवून लावली. छापखान्यात आयुष्य गेलेल्या बाईला ते बघताना काय यातना झाल्या असतील, ते तीच जाणे. मूग गिळून, पदर कमरेला खोचून ती सराव करत राहिली. आणि सराव करता करता तिचा हात पुन्हा बसत गेला.

क्लबात गिळलेलं सगळं ती घरी येऊन बाहेर काढायची. घर नियमात बसत नव्हतं. ताटावर बसलं की सुरू. टाकीच्या झडपेला गंज आहे. डावीकडच्या दिव्याचा स्क्रू सैल आहे, खाली पडला तर कुणाच्या तरी टाळक्यात. शेळीला प्यायला पाणी कोण ठेवतं? कुणी नाही. पोळं मागच्या महिन्यापेक्षा मोठं झालंय. मी घास चावत हूं हूं करायचो. आधी वाटलं, एका कानाने ऐकू, दुसऱ्याने सोडून देऊ. पण दुसऱ्या दिवशी क्लबात पाऊल टाकलं की मला झडप दिसायची. स्क्रू दिसायचा. शेळी तहानलेली दिसायची. इतकी वर्षं मी सुखात होतो कारण मला खरंच काही दिसत नव्हतं, आणि आता बायकोने मला नंबरचा चष्मा लावला होता. बघायचं आणि बोलायचं नाही, असा तोंड दाबून बुक्क्यांचा मार मी पहिल्यांदा खात होतो. बघून गप्प राहणं तिला इतकी वर्षं का जमलं नाही, हेही तेव्हाच माझ्या डोक्यात शिरलं. शेळीला मी एक दिवस बादलीभर पाणी ठेवलं, पण कुणी बघत नाही असं बघून, चोरासारखं.

मॅचच्या दिवशी सकाळी ती गुडघ्याला पट्टा बांधत होती.

"उजवीकडचा खांब मुळात हललाय," ती म्हणाली. "शेळी दिवसभर ओढते ना. खालचं सिमेंट सुटलंय."

"मग आज त्या बाजूला उभी राहू नकोस."

"माझा स्मॅश तिथूनच बसतो."

"मग सांग कुणाला तरी."

"सांगितलं तर मॅचभर खांब धरून उभी राहीन मी." तिने पट्टा आणखी एक घर ओढला. "तुम्हाला सांगितलं. एवढंच."

खांब लोखंडी आहे आणि पडला तर बघून पडणार नव्हता.

शेजारच्या वस्तीचा संघ व्हॅनमधून उतरला तो ओठ घट्ट मिटूनच. मागच्या वर्षी कप्तान गमावून बसलेले लोक ते, ताकही फुंकून पिणार. त्यांनी शेळी पाहिली, चिखल पाहिला, पोळं पाहिलं, आणि "वा, छान जागा आहे," असं म्हणून सायकलींपाशी कपडे बदलायला गेले. त्यांचा प्लंबर कप्तान आधीच येऊन नेट शिवत बसला होता; त्याचं काम सभेतच संपलं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. शेवटचा टाका घालून त्याने सुई टोपीला टोचली आणि त्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिला. अळीमिळी गुपचिळी म्हणत मॅच सुरू झाली.

इथे एक सांगायला हवं. आमच्या मैदानावरच्या रेघा कधीच्याच पुसल्या गेल्या आहेत. रेघ नाही असं म्हणणाऱ्याला त्या आखाव्या लागल्या असत्या, त्यामुळे रेघा नाहीत असं कुणी म्हणत नाही. आणि रेघा आहेत म्हटलं, तर कुठला चेंडू बाहेर गेला हे सांगणाऱ्याला त्या कुठे आहेत हेही दाखवावं लागतं. सबब चेंडू बाहेर जात नाही. तो कितीही लांब गेला तरी त्याच्या मागे पळायचं आणि तो जमिनीवर पडायच्या आत परत टोलवायचा. पहिल्याच सेटमध्ये एक चेंडू फाटकातून रस्त्यावर गेला. त्यांचा एक खेळाडू त्याच्या मागे केशकर्तनालयात शिरला. तिथे दाढी करून घेणाऱ्या गृहस्थाने साबण लावलेल्या तोंडानेच तो वर उडवला, खेळाडूने दारातून टोलवला आणि चेंडू फेस उडवत आमच्या बाजूला आला. "चांगला पास," अध्यक्ष म्हणाले. गृहस्थाला धरून त्यांच्या बाजूला सात माणसं झाली होती, पण मोजणार कोण?

दोन्ही संघांनी एकेक सेट घेतला, आणि मी कडेला उभा राहून चेंडूकडे बघायचं सोडून तिच्याकडेच बघत होतो. लग्नानंतर मी तिला चेंडूत हवा भरताना पाहिलं होतं, उडी मारताना नाही. ती दोन पावलं हलकी टाकायची, मग अचानक वर असायची, जणू कुणी काखेत हात घालून उचललं आहे, आणि वर गेल्यावर घाई करायची नाही. चेंडू मऊ होता, तरी तिच्या हातातून सुटला की समोरचे मागे सरायचे. खाली येताना मात्र प्रत्येक वेळी तिच्या चेहऱ्यावरून एक कळ जायची आणि ती पुन्हा जागेवर जाऊन उभी राहायची, त्या खांबाच्या बरोबर खाली.

तिसऱ्या सेटमध्ये खांब कलायला लागला. आधी वीतभर, मग हातभर. नेट एका टोकाला डोक्यावर आणि दुसऱ्या टोकाला पोटाशी आलं. मैदानावरच्या प्रत्येकाला ते दिसत होतं. दोन्ही संघ हळूहळू डावीकडे सरकत गेले आणि उजवीकडे फक्त माझी बायको आणि शेळी उरली.

"आज नेट उंचांना आणि बुटक्यांना सारखंच सोयीचं आहे," अध्यक्ष म्हणाले आणि दोन पावलं मागे सरकले.

मी तिच्याकडे पाहिलं. तिने खांबाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सर्व्हिसची वाट बघत गुडघे वाकवले. शब्द माझ्या ओठांवर आला होता. बोललो असतो तर टाळ्या वाजल्या असत्या आणि खांब वर्षभर माझा झाला असता. होऊ दे झाला तर, असं मला वाटलं, आणि माझं मलाच नवल वाटलं. पण बोलत बसायला वेळ नव्हता. खांब करकरला. मी तोंड उघडायच्या आधी पळालो आणि त्याला दोन्ही हातांनी मिठी मारली.

खेळ थांबला. असं आमच्याकडे कधी झालंच नव्हतं. सांगितल्यावर करायचं, हे सगळ्यांना पाठ होतं. न सांगताच करता येतं, हे इतक्या वर्षांत एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. टाळ्या वाजवाव्यात तर कशासाठी, मी काही बोललोच नव्हतो. अध्यक्षांचा चेहरा पडला. आयुष्यभर ज्या घडीवर क्लब चालवला ती घडीच मोडल्यासारखे ते माझ्याकडे आले.

"हे काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

मी खांद्याने खांब रेटत त्यांच्याकडे बघून प्रसन्न हसलो. ते मला चांगलं जमतं.

"अहो, पण का धरलाय तुम्ही तो? सोडा. सोडा म्हणतो ना. सोडलात तर पडेल तो, खांब मुळातून हललाय," अध्यक्ष म्हणाले, आणि मग त्यांनी दोन्ही हात स्वतःच्या तोंडावर ठेवले.

पहिली टाळी प्लंबरने वाजवली. मग त्याच्या संघाने, मग आमच्या, मग फाटकाशी आलेल्या साबणवाल्या गृहस्थाने. टाळ्या वाजत असताना नाही म्हणणं कुणालाच जमत नाही. मी बाजूला झालो आणि इस्त्रीच्या सदऱ्यातल्या अध्यक्षांनी खांबाला कवटाळलं. त्यांना खांब उभा ठेवता यायचा, सरळ मात्र नाही, त्यामुळे ते ज्या बाजूला डुलतील त्या बाजूला नेट डुलत होतं. शेळी त्यांची बटणं चघळायला लागली. मॅच पुढे सुरू झाली.

सेट बरोबरीत आला. बरोबरी झाली की दोन पॉइंटांचा फरक लागतो म्हणतात, पण आमच्याकडे तसं म्हणणारा कुणी नसल्याने पुढचा पॉइंट घेईल त्याची मॅच. चेंडू चार वेळा इकडून तिकडे गेला. मग आमच्या पोराटोरांपैकी कुणीतरी तो उजवीकडे उंच उचलून दिला. तिने ती दोन पावलं टाकली. मला वाटतं आतापर्यंतच्या सगळ्यांत उंच उडी तीच होती. हात फिरला, चेंडू समोरच्या दोघांच्या बोटांवरून गेला आणि मागे, त्यांच्या टोकाला मी सरकून उभा होतो तिथून हातभर अंतरावर चिखलात बसला. कुणी त्याच्या मागे पळू शकलं नाही.

आमचे लोक हात वर करून ओरडले. मॅच आमची होती. प्लंबरने मान खाली घातली, त्यालाही ते मान्य होतं. बायको खाली आली ती गुडघ्यावर, आणि बसूनच राहिली. मी धावलो. तिने गुडघा दोन्ही हातांत धरला होता आणि ती माझ्याकडे बघत नव्हती, चेंडूकडे बघत होती.

"बाहेर पडला," ती म्हणाली.

ओरडणारे थांबले. अध्यक्ष खांबामागून डोकावले. आवाज शक्य तितका मऊ करून ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही काही बोललात का? मला ऐकू आलं नाही. कुणालाच आलं नाही."

"चेंडू बाहेर पडला. रेघ याच्या अलीकडे होती."

मी तिच्या कानाशी वाकलो. "अगं, जिंकली होतीस तू."

"मला खेळायचं होतं," ती म्हणाली. "खेळले ना पूर्ण."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते गुडघ्याचं होतं की मॅच संपल्याचं, मी विचारलं नाही. दोन्हीचं असेल. मला मात्र त्या क्षणी तिच्याइतकं मोठं माणूस त्या मैदानावर दुसरं दिसत नव्हतं.

टाळ्या वाजल्या. आधी एक-दोन, मग सवयीने सगळ्यांच्याच. अध्यक्षांचे हात अडकलेले होते म्हणून टाकीखालून रेघा आखायच्या फक्कीची गोणी प्लंबर घेऊन आला. ओल लागून निम्मी दगड झालेली. त्याने ती तिच्याजवळ ठेवली आणि आपण काय केलं हे कळून तो ओशाळला. बायकोने गोणीकडे पाहिलं, मग स्वतःच्या गुडघ्याकडे. उठायला गेली, पण पाय तिचं ऐकेना.

मी गोणी उचलली, काखेत धरली आणि ती बघत होती त्या जागेपासून फक्की सोडत मागे मागे चालायला लागलो. चिखलात फक्की भिजत होती, हात पांढरे होत होते आणि पाठ दुखायला लागली होती. माझ्या मागे कुणीतरी दगड वेचून बाजूला टाकत होतं. कोण ते मी बघितलं नाही.

"वाकडी जातेय," ती बसल्या जागेवरून म्हणाली.

मी थांबलो. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

"कुठून?" मी विचारलं.